प्रोबा-३ आणि पीएसएलव्ही-सी५९ : सूर्यमोहिमेसाठी रॉकेट सज्ज करतात म्हणजे नेमकं काय करतात?

खगोलखूळ (धागाकर्ता) · २ डिसेंबर २०२४, रात्री ९.१०

परवा बुधवारी, ४ तारखेला, दुपारी ४ वाजून ८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याच्या पहिल्या लाँचपॅडवरून पीएसएलव्ही-सी५९ उडणार आहे. वर बसलेत युरोपीय अवकाश संस्थेचे, म्हणजे ईएसएचे, प्रोबा-३ हे जोड-उपग्रह. काम एकच, सूर्याचा करोना, म्हणजे त्याच्याभोवतीचं फिकट प्रभामंडळ, पाहणं.

उपग्रहांबद्दल पेपरात भरभरून येतंय. एकाने दुसऱ्याच्या पुढे १५० मीटरवर उभं राहून १.४ मीटर व्यासाच्या तबकडीने सूर्य झाकायचा, मागच्याच्या भिंगावर जेमतेम ८ सेंटिमीटरची सावली पाडायची आणि ती मिलिमीटरच्या हिशेबात तिथेच धरून ठेवायची. खग्रास ग्रहण आपल्या वाट्याला फार तर सात-साडेसात मिनिटं येतं. हे दोघं एका फेरीत सहा तासांपर्यंत ग्रहण लावून बसणार. कमाल आहेच.

मला मात्र या धाग्यात खालच्याबद्दल बोलायचंय. चव्वेचाळीस मीटर उंच आणि ३२० टनांचं ते धूड, ज्याच्या वाट्याला बातमीत 'यशस्वीरीत्या' एवढा एकच शब्द येतो. माझं मत असं, की सूर्यमोहिमेच्या तयारीत ताकदीचा प्रश्न त्या मानाने सोपा असतो. अडचण वेगळीच आहे. वरचं सामान कडक सोवळ्यातलं आणि खालचं सगळं ओवळं: विषारी इंधनं, धूर, हादरे, शेजारी खारा वारा. या दोघांना एकमेकांवर रचायचं आणि वरच्याचं सोवळं मोडू द्यायचं नाही.

रॉकेट खालून वर बांधतात. तळाला एस१३९ ही घन इंधनाची मोटर, पाच तुकड्यांची. त्यात साधारण १३९ टन इंधन, तेही श्रीहरिकोट्यातच ओतलेलं. एचटीपीबी नावाचं रबरासारखं द्रव्य, अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड यांचा लगदा तुकड्यात ओतून घट्ट होऊ देतात. मग एक्स-रे. आत एखादी भेग किंवा पोकळी राहिली असेल, तर जळताना जळता पृष्ठभाग एकदम वाढतो, त्याबरोबर दाब वाढतो, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. घन इंधन एकदा पेटलं की पेटलं, बंद करायची कळ नाही. बाजूंना सहा छोट्या मोटरी, प्रत्येकीत १२.२ टन इंधन. चार जमिनीवर पेटतात, उरलेल्या दोन पंचवीसेक सेकंदांनी हवेत. त्यावर द्रव इंधनाचा दुसरा टप्पा, विकास इंजिनाचा. तिसरा पुन्हा घन, चौथा पुन्हा द्रव.

पूर्वी हे सगळं लाँचपॅडवरच, रुळांवर सरकणाऱ्या अवाढव्य मनोऱ्याच्या पोटात व्हायचं. त्यामुळे एक रॉकेट बांधून होईपर्यंत पॅड अडकलेला. एप्रिल २०२३ च्या सी५५ पासून खालचे टप्पे वेगळ्या इमारतीत जोडून रुळांवरून पॅडवर आणायला सुरुवात झाली. वर्षाला सहाऐवजी पंधरा उड्डाणं करता यावीत हा हेतू.

जाणकारांनी भर घालावी. चौथ्या टप्प्याबद्दल मी वेगळा प्रतिसाद टाकतो.

गोगलगाय · २ डिसेंबर, रात्री ९.४५

वाचनखूण साठवली! एक बाळबोध शंका. सूर्य बघायचाय तर सूर्याकडेच का नाही सोडत? पृथ्वीभोवतीच फिरवायचं म्हणजे काय?

खगोलखूळ · २ डिसेंबर, रात्री १०.२०

बाळबोध अजिबात नाही. सूर्याकडे जाणं हे सूर्यमालेतलं सगळ्यात महागडं प्रवासाचं तिकीट आहे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती पळते आणि आपण तिच्यावर बसलेलो. आत पडायचं तर त्यातला बराच वेग मारावा लागतो. नासाच्या पार्कर यानाला २०१८ मध्ये डेल्टा-४ हेवीसारखं दांडगं रॉकेट लागलं, वर आणखी एक घन इंधनाचा टप्पा चढवावा लागला, आणि तरीही वेग कमी करायला शुक्राजवळून सात वेळा जावं लागलं. यान मात्र छोटंसंच.

प्रोबाला जवळ जायचंच नाहीये, नुसतं नीट बघायचंय. त्याची कक्षा ६०० किलोमीटर बाय ६०,५३० किलोमीटर, एका फेरीला साडेएकोणीस तासांहून थोडा जास्त वेळ. इतकी लांबुडकी कक्षा अशासाठी, की दूरच्या टोकाला पृथ्वीची ओढ दोन्ही उपग्रहांवर जवळपास सारखीच पडते. त्यांना एका रेषेत ठेवायला तिथे इंधन फार कमी लागतं. ग्रहण लावायचे सहा तास ते तिथलेच. जवळच्या टोकाला ते आपले सुरक्षित अंतर राखून नुसते वाहत येतात.

शंकासुर · २ डिसेंबर, रात्री ११.०५

ते सगळं ठीक, पण परवाच फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीला धडकलंय. चेन्नईत पाणी, श्रीहरिकोटा तिथून फार तर शंभर किलोमीटर. ईशान्य मोसमी ऐन भरात असताना उड्डाण ठेवायचं डोकं कोणाचं?

दुसरं. ईएसएकडे स्वतःची एरियन आणि वेगा रॉकेटं असताना त्यांना आपलं रॉकेट का लागावं? स्वस्त म्हणून, दुसरं काय. उगाच छाती फुगवू नये.

खगोलखूळ · ३ डिसेंबर, सकाळी ७.३०

शंकासुर, आधी दुसरं घेतो. स्वस्त हे कारण आहेच, आणि त्यात लाजण्यासारखं काय? पण नुसतं स्वस्त असून भागत नाही. ५५० किलो वजन इतक्या लांबुडक्या कक्षेत थेट नेऊन सोडणारं, मापाचं रॉकेट हवं. एरियन-६ या कामाला फार मोठं. आणि ही ओळख काही आजची नाही. ईएसएचा प्रोबा-१ आपल्याच पीएसएलव्ही-सी३ ने २००१ मध्ये वर नेला होता. या वेळचा व्यवहार न्यूस्पेस इंडिया या सरकारी व्यापारी कंपनीमार्फत झालाय.

हवामानाचं. पावसात भिजून रॉकेट बिघडत नाही. भीती विजेची आणि वरच्या वाऱ्याची. जमिनीवर झुळूकसुद्धा नसते, पण दहा-बारा किलोमीटरवर वाऱ्याचे जोरदार पट्टे असतात, आणि रॉकेट तिथून जातं तेव्हा त्याच्यावर हवेचा भारही जास्तीत जास्त असतो. म्हणून उड्डाणाआधी फुगे सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजतात आणि त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे रॉकेटने कुठे किती झुकायचं याचा कार्यक्रम संगणकात भरतात. आधी कितीही आकडेमोड केली असली तरी शेवटचा शब्द त्या दिवसाच्या वाऱ्याचा. हे फार लोकांना माहीत नसतं.

नट_बोल्ट · ३ डिसेंबर, सकाळी १०.१५

नोकरीची सगळी वर्षं तपासणी विभागात काढली. रॉकेटच्या कवचांशी आमचा संबंध दुरून, पण आला. त्या पाच तुकड्यांच्या जोडाबद्दल लिहितो, कारण तिथे लोक फारसे बघत नाहीत.

कवच मॅरेजिंग नावाच्या अतिशय मजबूत स्टीलचं. २.८ मीटर व्यास आणि त्या मानाने पत्रा अगदीच पातळ. एवढं मोठं नळकांडं आडवं ठेवलं तर स्वतःच्याच वजनाने किंचित अंडाकृती होतं. डोळ्यांना दिसणार नाही, पण मापाला लागतं. आणि जोड बसवायचा तर दोन्ही तोंडं गोलच हवीत. त्यामुळे उचलायला, ठेवायला, फिरवायला खास कडी वापरतात. क्रेनवाल्याचं कसब तिथे कळतं. तुकडा इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने खाली येतो आणि चार बाजूंना उभी असलेली माणसं फट बघून हाताने खुणा करतात. बोलणं कमीत कमी.

जोडात रबरी ओ-रिंग असतात. १९८६ ला चॅलेंजर कशाने गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: थंडीने कडक झालेली ओ-रिंग. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण बाकी शत्रू आहेतच. खाचेत राहिलेला बारीकसा कीस, एखादा केस, ग्रीसमध्ये चिकटलेला कापडाचा धागा. आम्हाला शिकवलं होतं की खाच आधी भिंगाने बघायची, मग धागे न सुटणारं कापड फिरवायचं. कापड कुठे अडकलं तर तिथे 'बर', म्हणजे धातूची बारीक धारदार कड, आहे. डोळा फसतो, कापड फसत नाही. जोड लागला की गळती चाचणी, आणि ती कागदावर सही झाल्याशिवाय पुढचा तुकडा उचलायचा नाही. साहेब कितीही घाईत असोत.

जाता जाता. या रॉकेटात आपल्याकडचा बराच माल आहे. मोटरची कवचं वालचंदनगरला होतात, विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये. उड्डाण बघताना श्रीहरिकोट्याइतकीच इंदापूर तालुक्याचीही आठवण ठेवावी.

पुणेरी_तिरका · ३ डिसेंबर, दुपारी १२.४०

नट_बोल्ट काका, झकास. साहेब घाईत नसलेलं ऑफिस दाखवा, तिथे अर्ज करतो.

सोवळ्याचं म्हणाल तर भारताच्या आदित्य-एल१ या सूर्ययानावरची सूट ही दुर्बीण आमच्या पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेत झाली. २०० ते ४०० नॅनोमीटर, म्हणजे अतिनील. अतिनीलचा ताप असा, की आरशावर तेलकट बाष्पाचा अगदी अदृश्य थर बसला तरी सूर्याच्या अतिनील किरणांनी तो तिथेच भाजून पक्का होतो. मग पुसायला वर कोण जाणार? त्यामुळे गोंद कुठला, तारांचं वेष्टण कुठलं, त्यातून निर्वातात काय बाहेर पडतं, हे सगळं आधी तपासून घ्यावं लागतं. बंगळुरूच्या तारकाभौतिकी संस्थेने केलेल्या व्हीईएलसी या त्याच यानावरच्या दुर्बिणीची जोडणी करणाऱ्यांना परफ्यूम लावायची मनाई होती, ती बातमी आठवत असेलच. लोकांनी त्यावर विनोद केले. विनोद नव्हता.

गोगलगाय · ३ डिसेंबर, दुपारी १.१०

मग प्रोबाच्या बाबतीतही तेच? तोही अतिनीलच बघणार का?

पुणेरी_तिरका · ३ डिसेंबर, दुपारी १.३५

नाही, तो दृश्य प्रकाशच बघतो. तिथे शत्रू धूळ. करोना सूर्याच्या बिंबापेक्षा दहा लाख पटींनी फिका. भिंगावरच्या एका धूलिकणाने विखुरलेला प्रकाशही करोनाला बुडवू शकतो. म्हणून तर तबकडी १५० मीटर लांब नेली. तबकडी भिंगाच्या जवळ असली की तिच्या कडेवरून वळून आत येणारा प्रकाश त्रास देतो आणि सूर्याच्या अगदी लगतचा भाग सोडून द्यावा लागतो. प्रोबाला १.१ सूर्यत्रिज्येपर्यंत आत शिरायचंय. आजच्या तारखेला, २ डिसेंबर १९९५ ला, सूर्य पाहणारं सोहो यान उडालं होतं... म्हणजे कालच्या तारखेला. त्याचे दोन करोनाग्राफ, म्हणजे सूर्यबिंब झाकून करोना टिपणाऱ्या दुर्बिणी, अजून चालू आहेत, पण सूर्याच्या इतक्या जवळचं त्यांना दिसत नाही.

रसायनी · ३ डिसेंबर, दुपारी ३.२०

ओवळ्या बाजूने मी लिहिते, माझं क्षेत्र तेच. रॉकेटचं नाही, रसायनांचं.

दुसऱ्या टप्प्यात सुमारे ४१ टन द्रव: एका टाकीत यूएच२५, म्हणजे यूडीएमएच आणि हायड्राझिन हायड्रेट यांचं मिश्रण, दुसरीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड, हा ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा. दोन्ही भेटली की ठिणगी लागत नाही, आपोआप पेटतात. इंजिनाच्या दृष्टीने ही मोठीच सोय, भरणाऱ्याच्या दृष्टीने तेवढीच मोठी धास्ती. टेट्रॉक्साइड साधारण २१ अंशांना उकळतं. श्रीहरिकोट्यात २१ अंश कधी असतात? त्यामुळे ते थंड करून, दाबाखाली सांभाळायचं. कुठे चुकून सुटलं तर तांबूस-तपकिरी वाफ दिसते. ती दिसली की प्रश्न विचारत बसायचं नाही, वाऱ्याच्या आडव्या दिशेला निघायचं. यूडीएमएचला सडक्या मासळीसारखा वास येतो. वास आला म्हणजे ते आधीच नाकात गेलेलं असतं, म्हणून वासावर विसंबायचंच नाही. मोजणारी यंत्रं लावतात.

भरणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात असतात, श्वासाची हवा वेगळी. त्या पोशाखात घामाच्या धारा लागतात, हातमोजे जाड, व्हॉल्व्हचा चाप बोटांना नीट जाणवत नाही. त्यामुळे प्रत्येक हालचाल आधी रंगीत तालमीत बसवलेली असते. इंधन आणि ऑक्सिडायझर एकाच वेळी कधीच भरत नाहीत. एक भरायचं, नळ्या धुऊन वायूने मोकळ्या करायच्या, माणसं बदलायची, मग दुसरं. काउंटडाउन २४-२५ तासांचा का असतो याचं बरंचसं उत्तर इथे आहे. आदित्य-एल१ च्या वेळी तो २३ तास ४० मिनिटांचा होता. लोकांना वाटतं दिवसभर घड्याळाकडे बघत बसतात.

चौथ्या टप्प्यात एमएमएच हे इंधन आणि एमओएन-३ हा ऑक्सिडायझर. या दुसऱ्या नावातला ३ म्हणजे तीन टक्के नायट्रिक ऑक्साइड. ते मुद्दाम मिसळतात, नाहीतर टायटॅनियमच्या टाकीला ताणाखाली बारीक चिरा जायची भीती. आणि या टप्प्याला पंप नाही. हेलियमच्या दाबाने द्रव इंजिनात ढकललं जातं. पंप नाही म्हणून बिघडायला एक वस्तू कमी. मला हा टप्पा फार आवडतो.

सह्यकडा · ३ डिसेंबर, सायंकाळी ६.००

हेलियम! रसायनीताईंनी विषय काढलाच आहे तर सांगतो, हा वायू आमच्या विजयदुर्गावर सापडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' अजून आहेत. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने तिथे दुर्बीण लावली होती. दरवर्षी १८ ऑगस्टला कार्यक्रम होतो.

पुणेरी_तिरका · ३ डिसेंबर, सायंकाळी ६.२५

सह्यकडा, ओटे आहेत, कार्यक्रम होतो, किल्ला अप्रतिम. पण लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांची पिवळी रेषा पाहिली. ग्रहणाच्या दिवशी फ्रान्सचा जानसेन गुंटूरला होता. तोही दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना ज्वाळांच्या रेषा पाहू शकला. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, रॅमसेने शोधला.

तरी तुमचा मुद्दा वेगळ्या अर्थाने भारीच आहे. प्रोबा-३ च्या करोनाग्राफात हेलियमच्या त्याच पिवळ्या रेषेसाठी, ५८७.६ नॅनोमीटरची एक खास गाळणी बसवलेली आहे. आणि खालच्या चौथ्या टप्प्यात तोच वायू इंधन ढकलतोय.

सह्यकडा · ३ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

लॉकियर नसेल आला. ओट्यांवर कुणीतरी साहेब बसला होता एवढं तरी राहू द्या आम्हाला.

संपादक · ३ डिसेंबर, रात्री ८.००

हेलियमसाठी वेगळा धागा काढावा. इथे रॉकेट.

खगोलखूळ · ३ डिसेंबर, रात्री ९.३०

काउंटडाउन सुरू झालाय. कबूल केल्याप्रमाणे चौथ्या टप्प्याविषयी.

पहिले तीन टप्पे उंची आणि बहुतेक वेग देतात, पण घन मोटर जळते तेवढी जळते. थोडं कमी-जास्त होतंच. ती सगळी कसर चौथा टप्पा भरून काढतो, कारण द्रव इंधनाचं इंजिन हवं त्या क्षणी बंद करता येतं. आदित्य-एल१ मध्ये त्याने आणखी एक करामत केली. एकदा पेटला, बंद झाला, बराच वेळ नुसता वाहत गेला आणि मग पुन्हा पेटला. कक्षेचं पृथ्वीलगतचं टोक अवकाशात ठरावीक ठिकाणी यायला हवं होतं, म्हणजे पुढे यानाने स्वतःचं इंजिन तिथे चालवलं की कक्षा बरोबर एल१ च्या, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या त्याच्या मुक्कामाच्या बिंदूच्या, दिशेने ताणली जाईल. ते टोक येईपर्यंत थांबणं हाच सगळ्यात काटकसरीचा उपाय. म्हणून तिथे यान सुटायला ६३ मिनिटं लागली. पीएसएलव्हीच्या मानाने हे फारच लांबलेलं उड्डाण.

उद्या तसं काही नाही. अठराएक मिनिटांत काम संपेल आणि दोन्ही उपग्रह एकमेकांना जोडलेल्या अवस्थेतच सुटतील.

सोवळ्याचं राहिलं. उपग्रह वर चढवले की त्यांच्याभोवती ३.२ मीटर व्यासाचं उष्णताकवच दोन अर्धुकांनी बंद होतं. त्यानंतर कुणाचा हात आत जात नाही. आत सतत गाळलेली, कोरडी, ठरावीक तापमानाची हवा फिरती ठेवतात. बाहेर खारा दमट वारा आणि आत वेगळंच हवामान. मनोरा मागे सरकला, सगळी माणसं निघून गेली, तरी ती हवा चालू असते.

गोगलगाय · ४ डिसेंबर, दुपारी ३.४०

अरे हे काय, उड्डाण पुढे ढकललं?? घरी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं.

शंकासुर · ४ डिसेंबर, दुपारी ३.५५

तासाभराच्या आत आलेलं असताना रद्द. मी म्हणतच होतो. जगासमोर शोभा.

खगोलखूळ · ४ डिसेंबर, सायंकाळी ५.१०

शोभा कसली? इस्रोने स्पष्ट सांगितलंय, की दोष प्रोबा-३ मध्ये आढळला, रॉकेटमध्ये नाही. करोनाग्राफ उपग्रहाच्या दिशा आणि कक्षा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला, राखीव प्रणोदनाचा प्रश्न आहे. राखीव, म्हणजे मुख्य व्यवस्था ठीक असताना सापडलेला. सोडून द्यायचा मोह होऊ शकला असता. मिलिमीटरने सरकायचं काम ज्या यंत्रणेच्या जिवावर आहे तिच्यातली शंका घेऊन वर जाणं मला तरी वेडेपणा वाटतो. वर गेल्यावर आणखी एक दिवस मागता येत नाही.

२०१८ मध्ये पार्करचंही पहिलं उड्डाण असंच शेवटच्या मिनिटांत थांबवलं होतं, हेलियमच्या दाबाच्या इशाऱ्यामुळे. दुसऱ्या दिवशी गेलं.

गोगलगाय · ४ डिसेंबर, सायंकाळी ५.३०

पण मग भरलेल्या इंधनाचं काय? ते तसंच ठेवतात?

रसायनी · ४ डिसेंबर, सायंकाळी ६.१५

इथे हीच द्रव्यं उपयोगी पडतात. अतिशीत हायड्रोजन-ऑक्सिजन असता तर सतत उडून जात राहिलं असतं, काढा-भरा करावं लागलं असतं. ही साध्या तापमानाला दाबाखाली टाकीत टिकतात. विषारी आहेत पण सोशीक आहेत. घन टप्प्यांना तर एका दिवसाने काहीच फरक पडत नाही.

पुणेरी_तिरका · ४ डिसेंबर, सायंकाळी ६.५०

वाट बघणाऱ्यांसाठी विरंगुळा. फेब्रुवारी २०१० मध्ये नासाचं एसडीओ, तेही सूर्य बघणारंच, वाऱ्यामुळे एक दिवस उशिरा गेलं. त्या दिवशी आकाशात सूर्याच्या बाजूला प्रतिसूर्य दिसत होता, पातळ ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे दिसतो तो. त्याचं ॲटलस-५ रॉकेट त्या ढगातून गेलं आणि त्याच्या धक्क्याच्या लहरींनी स्फटिकांची मांडणी विस्कटून प्रतिसूर्य पुसून टाकला. सूर्याच्या अभ्यासाला निघालेल्याने जाता जाता एक सूर्य मारला. चित्रफीत मिळते, जरूर बघा.

शंकासुर · ५ डिसेंबर, दुपारी २.१५

आता ४.१२ चं ४.०४ केलंय. हे मिनिटांचे खेळ कशाला? बसची वेळ आहे का?

खगोलखूळ · ५ डिसेंबर, दुपारी २.४०

बसला उशीर चालतो. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे सुटायची वेळ बदलली की कक्षेचं प्रतल अवकाशात थोडं फिरतं, सूर्याशी त्याचा कोन बदलतो. शिवाय वरच्या वाटेवर कुठला उपग्रह किंवा कचरा आडवा येतोय का हे उड्डाणाआधी तपासतात. अशा कारणांनी वेळ थोडी मागेपुढे होते.

गोगलगाय · ५ डिसेंबर, दुपारी ४.०७

गेलंऽऽऽ! ढगात शिरलंसुद्धा!

नट_बोल्ट · ५ डिसेंबर, दुपारी ४.१०

पहिला टप्पा सुटला. पाचही तुकडे नीट जळले. आता चहा.

खगोलखूळ · ५ डिसेंबर, दुपारी ४.३०

उपग्रह वेगळे झाले, ठरल्या कक्षेत. पीएसएलव्हीचं ६१ वं उड्डाण, एक्सएल प्रकारातलं २६ वं. ऑस्ट्रेलियातल्या केंद्राला संदेशही मिळाले. इथून पुढचा कारभार बेल्जियमच्या रेडू केंद्रातून. दोघं इतक्यात वेगळे होणार नाहीत, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला होतील. आधी सगळ्या यंत्रणा तपासतील.

शंकासुर · ५ डिसेंबर, सायंकाळी ५.००

अभिनंदन. करोनाचा फोटो येईपर्यंत मी पूर्ण मान्य करणार नाही, पण अभिनंदन.

गोगलगाय · १८ जून २०२५, रात्री ८.२०

धागा वर काढतेय. शंकासुर, फोटो आले! परवा, १६ तारखेला ईएसएने प्रसिद्ध केले. हिरवट करोना आणि त्यातले केसांसारखे बारीक धागे. खरंच ग्रहणासारखं दिसतं, फक्त ग्रहण नसताना.

शंकासुर · १८ जून, रात्री ९.००

बघितले. मान्य.

पण आता दुसरं विचारतो. मे महिन्यात पीएसएलव्ही-सी६१ फसलं. इतकी तयारी, इतके एक्स-रे, इतके कापडाचे बोळे फिरवून फसलं कसं?

नट_बोल्ट · १९ जून, सकाळी ९.४०

१८ मेचं. तिसऱ्या टप्प्यात दाब पडला असं इस्रोने सांगितलंय. तो घन मोटरचा टप्पा आहे. दाब पडण्याची कारणं अनेक असू शकतात, म्हणून अहवाल येईपर्यंत मी अंदाज बांधणार नाही. एवढंच सांगतो, की घन मोटर तपासता येते पण चालवून बघता येत नाही. जी चालवून बघितली ती संपली, आणि जी उडते ती तिची बहीण असते. म्हणून तर प्रत्येक मोटरच्या कच्च्या मालापासूनची कागदपत्रं जपून ठेवतात. आता तीच उघडून बसले असतील.

रसायनी · १९ जून, सकाळी १०.२५

काकांना अनुमोदन. सी६१ साठी वेगळा धागा काढा कुणीतरी, मी तिथे घन इंधनाच्या बॅचबद्दल लिहीन.

खगोलखूळ · १९ जून, दुपारी १२.००

आज रात्री काढतो. जुन्या प्रतिसादांतले संदर्भ तिकडे डकवतो.